बोरन्हाणाला पन्नास पोरं

“अरे किती आहात रे तुम्ही! किती आहात! संपता का नाही?”

आमच्या सोसायटीचे चेअरमन मागच्या फाटकात उभे राहून ओरडत होते. अंगात बनियन, डोक्याला कानटोपी, हातात ब्रश, आणि तोंडातला टूथपेस्टचा फेस थेट जास्वंदीच्या झाडापर्यंत उडत होता. त्या लाल जास्वंदीला पुढच्या आठवड्यात पांढरी फुलं आली, असं मी आजही शपथेवर सांगतो.

फाटकातून वस्तीतली पोरं शाळेला निघाली होती. पाटाच्या पलीकडे त्यांची वस्ती, अलीकडे आमची सोसायटी, आणि आमच्या पुढच्या गेटसमोर महापालिकेची शाळा. मधून गेलं की पाच मिनिटांत शाळा.

“लोकसंख्या!” चेअरमन किंचाळले. “चालती-फिरती लोकसंख्या! देश बुडवणार तुम्ही! शंभर पोरं रोज माझ्या दारातून जातात, शंभर!”

“गुड मॉर्निंग सर!” पोरं एका सुरात ओरडली आणि दप्तरं आपटत पळाली.

“सर, आधी चूळ भरून या,” फाटकापाशी भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई म्हणाली. “माझ्या मेथीवर पडतंय.”

ही बाई वस्तीतलीच. पाटाकडेला कोणाचा तरी अर्धा एकर वाट्यानं करायची, मेथी-कोथिंबीर-शेपू काढायची, पहाटे मार्केटला माल टाकून यायची आणि उरलेला आमच्या फाटकात विकायची. तोंडानं अशी फटकळ की तिनं शिवी घातली की पाटाचं पाणी दोन मिनिटं उलटं वाहतं. तिची धाकटी मुलगी तिसरीत होती. त्या पळणाऱ्या पोरांत ती सगळ्यात शेवटी असायची, कारण तिची एक चप्पल कायम तुटलेली.

“तुझी किती आहेत गं यात?” चेअरमननी ब्रश रोखून विचारलं.

“तुम्हाला काय करायचं? तुमच्या घरी जेवायला येतात का?”

“मी भूगोल शिकवलाय तीस वर्षं!”

“मंग पृथ्वी गोल हाय का नाय ते बघा. माझी पोरं नका मोजू.”

मी सेक्रेटरी. चेअरमन आणि मी एकमेकांना इतके पाण्यात पाहायचो की त्या पाण्यावर सोसायटीचा बगिचा फुलला असता. तरी दर निवडणुकीत तेच चेअरमन आणि मीच सेक्रेटरी. दुसरं कोणी उभंच राहत नाही. उभं राहायला गुडघे लागतात, आणि आमच्या सोसायटीत ज्यांचे गुडघे मूळचे आहेत असे मी आणि वॉचमन दोघंच.

हे आधी समजावून सांगतो. सोसायटी बांधली तेव्हा जिन्यात पाय ठेवायला जागा नसायची, इतकी पोरं. दुपारी झोपायचं म्हणजे कानात कापूस, कापसावर मफलर, मफलरवर उशी. मग ती पोरं इंजिनिअर झाली. एका वर्षी तर इतकी उडाली की ओझरच्या विमानतळावर आमच्या सोसायटीसाठी वेगळी रांग लावली होती. (मी त्या बाजूच्या विमान कारखान्यात नोकरीला होतो. मी विमानं बनवली असं लोकांना सांगतो. स्टोअरमधून रिवेट मोजून द्यायचो, पण रिवेटशिवाय विमान उडवून दाखवा.) पोरं गेली आणि आम्ही राहिलो. आता सोसायटीतली सगळ्यात तरुण गोष्ट म्हणजे लिफ्ट, आणि तीही दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबते. घसरगुंडीवर लोक पापड वाळवतात.

माझा मुलगा कॅनडात. त्याला आणि सुनेला एक कुत्रा आहे. फोनवर कुत्रा दाखवतात आणि म्हणतात, बाबा, याच्याशी बोला. मी बोलतो. कुत्रा निदान मध्येच ‘मीटिंग आहे’ म्हणून उठून जात नाही.

चेअरमनना सगळे ‘सर’ म्हणायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा जर्मनीत. सर तरुणपणी जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, पेठ-सुरगाण्याकडे. त्या काळी मास्तरांना शिकवण्याबरोबर नसबंदीच्या केसेस आणायचंही काम असायचं. सर डोंगर चढून पाड्यांवर जायचे, घरटी पोरं मोजायचे आणि बापाला जीपमध्ये घालून आणायचे. एकाच म्हाताऱ्याला त्यांनी तीन वेळा आणलं, असं मी सांगतो. सर म्हणतात, दोनदाच. तेव्हापासून झोपडी दिसली की सरांच्या डोळ्यांपुढे आठ पोरं उभी राहायची. झोपडीत कोण राहतं, हे बघायची त्यांना गरजच वाटायची नाही.

निवृत्त झाले तरी खडू सुटला नाही. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पाणीकपातीची सूचना पुसून त्यांनी लोकसंख्येचे मनोरे काढले होते. गरीब देशाचा मनोरा तंबूसारखा: खाली पोरांचा हा एवढा पसारा, वर म्हाताऱ्यांचं टोक. श्रीमंत देशाचा माठासारखा: खाली आवळलेला, मध्ये पोट सुटलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून शिकवायचे. दूधवाला पण शिकला. मी एकदा म्हटलं, “सर, आपल्या सोसायटीचा पण काढा ना.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा बीपी तिथंच उतरला. मग मीच काढला. वर रुंद छत्री, आणि खाली दांडाच नाही. त्यावर सरांनी मला कारणे दाखवा नोटीस दिली. सेक्रेटरी म्हणून ती नोटीस मीच टाईप केली.

तर त्या फेसाच्या सकाळनंतर सरांनी तातडीची सर्वसाधारण सभा बोलावली. विषय एकच: मागचं फाटक बंद करणे. सर तासभर बोलले. गरीब राष्ट्रं, श्रीमंत राष्ट्रं, पाणी, धान्य, फाटक. तिकडे जर्मनीत मुलाच्या गावी शाळेला पोरं मिळेनात म्हणून शाळेचा वृद्धाश्रम केला, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तिकडे पोर झालं की सरकार दर महिन्याला पैसे देतं. इकडे तिसरं झालं की सरपंचकीला उभं राहता येत नाही. आणि तरीही तिकडे होत नाहीत आणि इकडे थांबत नाहीत, हा अन्याय त्यांना स्वतःवर झाल्यासारखा वाटत होता.

“सेक्रेटरी, तुम्ही सांगा, किती पोरं असतील वस्तीत?” त्यांनी मला उठवलं.

मला गर्दीसमोर उभं केलं की माझी जीभ माझी राहत नाही. “एका घरात अकरा आहेत,” मी म्हणालो. “क्रिकेटची टीम. बारावा पाळण्यात पॅड बांधून बसलाय.”

सभा हसली. हसतच हात वर झाले आणि ठराव पास झाला. आमची ही म्हणते, तो ठराव माझ्यामुळे झाला. मी तिला सांगितलं, विनोदाला मतदानाचा हक्क नसतो.

फाटकाला कुलूप लागलं. किल्ली सरांच्या कमरेला.

आता पोरांना वस्तीतून निघून हायवेला यायचं, सर्व्हिस रोडनं कडेकडेनं चालायचं, कांद्याचे ट्रक आणि कंटेनर चुकवायचे, मग पुलाखालून वळून शाळा. मोठी पोरं गेली. तिसरीतली ती मुलगी पण गेली, चार-सहा दिवस. मग एका कंटेनरनं अगदी मागे येऊन हॉर्न वाजवला आणि ती घाबरून कडेच्या चारीत पडली. हनुवटी फुटली. दुसऱ्या दिवसापासून तिनं शाळेचं नाव काढलं नाही. आई त्या वेळी मार्केटला, बाप पिंपळगावला कांद्याच्या गोण्या उचलायला. हात धरून नेणार कोण? पोरगी मेथीच्या जुड्या बांधत घरी बसली.

तिची आई कुलपासमोर आली आणि तिनं जी सुरुवात केली, ती ऐकून आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजोबांनी खिडकी लावून घेतली.

“ओ भूगोल! खाली या! पोरगी ट्रकाखाली घालू का? मंग एक कमी होईल, मोजा मंग बसून!”

सर गॅलरीत आले. “ओरडू नको! ठराव झालेला आहे!”

“ठराव भिजवा आन् त्याची भजी करून खा! दार उघडा!”

“पोरं काढताना विचार करायचा होता!”

“तुमच्या आईनं केला होता का?”

हे फार झालं. सर लाल झाले, मग जांभळे, मग एक रंग आला त्याला मराठीत नाव नाही. त्या दिवसापासून तिनं सोसायटीला भाजी बंद केली. एक काडी नाही. वस्तीतल्या कामवाल्या बायकाही येईनाशा झाल्या. सोसायटीनं मॉलमधून प्लास्टिकच्या पिशवीतली मेथी आणली. ती शिजवली की हिरव्या रबराचा वास यायचा. महिनाभर आमच्या जिन्यात जो वास होता, तो दमलेल्या, न झाडलेल्या, चिडलेल्या म्हातारपणाचा होता. लोक एकमेकांवर खेकसायचे, पण फाटकाचं नाव कोणी काढत नव्हतं.

अशात संक्रांत आली, आणि सरांचा मुलगा जर्मनीहून आला. बरोबर सून आणि पहिला, एकुलता एक, अडीच वर्षांचा नातू. सरांच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे काकूंनी, बोरन्हाण काढलं. पोराला काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, साखरेचा मुकुट, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून मापानं बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, रेवड्या, चॉकलेटं ओतायची. आणि भोवती जमलेल्या पोरांनी झडप घालून ती लुटायची. ती झोंबाझोंबी हेच खरं बोरन्हाण. पोरं नसली तर ते नुसतं एका पोराच्या डोक्यात भाजी ओतणं.

काकूंनी मोठ्या हौसेनं एक गोणी बोरं आणली. गोणी मी पाहिली. ती गोणी नव्हती, ते एक छोटं गोदाम होतं. आणि मग पाव्हण्यांची यादी करताना त्यांच्या लक्षात आलं.

“अहो,” त्या सरांना म्हणाल्या, “पोरं कुठायत?”

“कुठली पोरं?”

“बोरं लुटायला!”

सर्व मजले पालथे घातले. एका घरी एक नात होती, ती निघाली इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. शेजारच्या सोसायटीत दोन पोरं होती. एकाला अबॅकसचा क्लास, दुसऱ्याला स्केटिंग, आणि दोघांच्या आयांनी विचारलं, बोरं धुतलेली आहेत का. पलीकडच्या सोसायटीत फोन केला तर त्यांनी आम्हालाच विचारलं, तुमच्याकडे कोणी आहे का, आमचं पण रथसप्तमीच्या आत उरकायचंय.

“मग आपणच लुटू,” सर म्हणाले.

“मी लुटू?” काकू कडाडल्या. “माझे दोन्ही गुडघे स्टीलचे आहेत! तुम्ही वाका आधी! वाका! बूट घालायला माझ्या डोक्याला धरता!” आणि मग पदर डोळ्याला लावून त्या माझ्याकडे वळल्या. मी फक्त साखर मागायला गेलो होतो. “भावजी, तुम्ही जा वस्तीत. पोरं आणा.”

“त्यांना या आवारात पाऊल ठेवू देणार नाही मी!” सर म्हणाले.

“मग तुम्ही वस्तीत राहायला जा.”

मी गेलो. हायवेवरून, लांबून, कारण किल्ली सरांच्या कमरेला. माझ्या मागं एक कंटेनर लागला होता तो जहाजाएवढा होता, आणि मी चारीला लागून असा सरकलो की माझी सावली पण खरचटली.

बाई दारात जुड्या बांधत होती. शेजारी मुलगी, हनुवटीवर पट्टी.

“काय काका? भाजी संपली?”

“बोरन्हाण आहे,” मी म्हटलं. “पोरं पाहिजेत.”

ती इतकी हसली की पाटावरचे बगळे उडाले. मग एकदम थांबली. “दार?”

“दाराचं मी बघतो.”

“तुम्ही काय बघणार, तुम्ही सेक्रेटरी. त्यांना इचारा. दार उघडंच राहायला पायजे. एक दिवसापुरतं नाय. मंग पोरं देते.”

“किती देशील?”

“किती पायजेत?”

परत त्याच जहाजासमोरून मी सोसायटीत. सर हटून बसले होते. “ब्लॅकमेल आहे! आणि शंभरच्या शंभर घुसली म्हणजे? नातू तुडवला जाईल!” काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. शेवटी सर म्हणाले, “पन्नास. पन्नासच पाठवा म्हणावं, एक जास्त नको. पन्नास पोरं आली तर फाटक उघडं. कायमचं. माझा शब्द.”

मी पुन्हा वस्तीत. त्या दिवशी मी हायवेवर इतक्या खेपा घातल्या की टोलनाक्यावाल्यानं मला पास काढायला सांगितलं.

“पन्नास?” बाई म्हणाली. जुडीला गाठ मारली, दातानं सुतळी तोडली. “देते की. पन्नास म्हंजे काय, अशीच.”

मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं मुलीकडे पाहिलं नाही. मी ते पाहिलं, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की वस्तीत पोरांची रांग लागलीय, बाई वरची-वरची निवडून देतेय.

बोरन्हाणाचा दिवस उजाडला. पार्किंगमध्ये मांडव, सतरंजी, पाट. सरांनी फाटकाचं कुलूप काढलं आणि हातात धरूनच उभे राहिले. सोसायटीतले सगळे आजी-आजोबा खुर्च्या घेऊन उतरले. लिफ्टनं त्या दिवशी जेवढं काम केलं तेवढं तिनं जन्मात केलं नव्हतं. नातू साखरेचा मुकुट चाटत बसला होता. त्याच्या गावात इतकी माणसं एका जागी फक्त कोणाच्या तरी मयताला जमत असावीत, कारण तो मधूनमधून हळूच रडायचा.

फाटकातून पोरं आली. ती तिसरीतली मुलगी पुढे, नव्या चपला. तिच्यामागे पाच-सहा जणं, तेल चोपडलेली, शाळेचेच कपडे.

“या या या!” काकू ओरडल्या. “आणि बाकीची?”

बाकीची पण आली. एक जण आला त्याला मिशी होती. दुसऱ्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. तो सेकंड शिफ्टला जायच्या आधी आला होता. हाफ पँट घातलेले तिघं आले, पायांवर अस्वलासारखे केस. द्राक्षाच्या बागेत कामाला आलेला एक जथा आला, त्यांना कुठं आलोय हे माहीत नव्हतं, पण सतरंजी बघून बसले. एक इतकी वाकलेली म्हातारी आली की लांबून सात वर्षांची वाटली. आणि शेवटी सहाव्या-सातव्या महिन्याची एक सून.

सर तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. “ही पोर आहे?”

“पोटातलं धरा,” बाई मागून म्हणाली.

“आणि ही? ही म्हातारी?”

“तिला दात नाय. पोराला तरी कुठं असतात?”

“याला मिशी आहे!”

“तुम्हाला नाय म्हणून जळता का?”

काकूंनी भांडण वाढायच्या आत माप उचललं आणि नातवाच्या डोक्यावर ओतलं. आता ती सहा-सात पोरं काय लुटणार? बोरांचा असा डोंगर झाला की मुकुटाचं फक्त टोक दिसत होतं. पोरांनी ओंजळी भरल्या, फ्रॉकचे ओचे भरले, थकली, तरी डोंगर तसाच. मग मिशीवाला वाकला. मग अस्वलं. मग आमचे एक निवृत्त बँक मॅनेजर खुर्चीतून रेवडीसाठी उठले, बोरावर पाय पडला आणि असे घसरत गेले की पार्किंगमधून जे निघाले ते पुढच्या गेटच्या वॉचमनच्या केबिनमध्येच थांबले. वॉचमननं त्यांची वहीत एन्ट्री केली.

या सगळ्यात नातवानं प्रथमच हसून दाखवलं. त्या मुलीच्या मुठीतलं चॉकलेट त्यानं ओढलं. तिनं परत ओढलं. त्यानं तिचा हात चावला. तिनं त्याच्या डोक्यावरचा मुकुट उचलला आणि कडकन चावून खाल्ला.

“भांडतंय!” काकूंना हर्षवायू झाला. “बघा, माझं बाळ भांडतंय! तिकडे याला भांडायला कोणी नाही!”

“बंद करा!” सर गरजले. “फसवणूक! पन्नास पोरं ठरली होती! खरी पोरं घरी लपवून हे कोण पाठवलेत? मला शिकवता? मी घरटी आठ मोजलेली आहेत!”

“अहो, आता पुरे,” काकू म्हणाल्या.

“पुरे नाही! शब्द शब्दासारखा पाळला पाहिजे! बाहेर! सगळे बाहेर!”

त्यांनी मांडवातूनच सगळ्यांना हाकललं आणि कुलूप खटकन लावलं. ते अगदी घाईत लावलं, त्यामुळे अर्धे लोक आत राहिले आणि पुढच्या गेटनं, हायवेवरून, लांबून घरी गेले. ती वाकलेली म्हातारी पण. मुलगी तिचा हात धरून गेली. काकूंनी त्या दिवसापासून सरांशी बोलणं टाकलं. नातू फाटकाच्या गजांना धरून जर्मनमध्ये बोंब मारत होता. सुनेनं अर्थ सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी माझं दार वाजवलं. अंगात कोट, हातात किल्ली. “चला सेक्रेटरी. लपवलेली पोरं तुम्हाला साक्षीदार ठेवून बाहेर काढतो.” मी गेलो. ही संधी मी लकवा भरला असता तरी सोडली नसती. फाटक त्यांनी स्वतःच उघडलं, आम्ही पाट ओलांडला.

वस्तीत शांतता होती. मला पण ती जरा जास्तच वाटली. सरांनी पहिलंच दार ठोठावलं. आत एक म्हातारा-म्हातारी टीव्ही बघत होते. मुलगा पुण्यात गाडी चालवतो, सून तिकडेच. नातवंडं? एक आहे, तिकडेच. पुढच्या घराला कुलूप. नवरा-बायको दोघंही सिन्नरच्या कंपनीत. त्याच्यापुढे एक बाई कपडे धूत होती, तिला दोन, दोन्ही शाळेत. “दोनावर ऑपरेशन केलं,” ती आपणहून म्हणाली, कोट बघून तिला सर सरकारी माणूस वाटले. पुढे एकीला एकच मुलगी. “बास झाली. हिच्याच क्लासची फी झेपंना.” सरांनी पत्र्याच्या मागे बघितलं, पाण्याच्या टाकीत वाकून बघितलं, एका कोंबड्यांच्या खुराड्याचं दार पण उघडलं. आतून एक कोंबडी रागानं बाहेर आली आणि त्यांच्या कोटावर उभी राहून परत आत गेली.

मला वाटलं, आता ते ओरडतील. मी कान झाकून तयार होतो. ते ओरडले नाहीत. ते गल्लीच्या टोकाला उभे राहिले आणि दोन्ही बाजूंच्या दारांकडे बघत राहिले. ओट्यावर तीन म्हातारे उन्हाला बसले होते. एकानं त्यांना विचारलं, “काय पाहुनं, कोनाकडं?”

बाई मार्केटहून आली होती. दारात मेथीचा ढीग, समोर मुलगी, गाठी मारतेय. सर तिच्यापुढे गेले. आवाज बसल्यासारखा झाला होता, पण राग होताच.

“कुठं आहेत बाकीची?”

“कुठली बाकीची?”

“रोज माझ्या दारातून जायची ती!”

बाईनं मुलीकडे हनुवटी उडवली. “ही. आन् ती पाच-सहा. सकाळी जायची, दुपारी यायची, बोंब मारत जायची. तुम्हाला लय वाटली.”

“मग तू पन्नास कशी म्हणालीस?” सर एकदम चढले. “पन्नास म्हणालीस तू! या सेक्रेटरींच्या समोर! खोटं बोललीस माझ्याशी!”

मी पाटाच्या पाण्याकडे बघू लागलो.

बाईनं जुडी ठेवली, हात लुगड्याला पुसला आणि पुढे केला.

“तुम्ही शंभर म्हणायचे,” ती म्हणाली. “किल्ली द्या.”